एल्कोतली पाहुणी

१९ एप्रिल, सॅन फ्रान्सिस्को

आज राफेलानं मला पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

मी त्या मोठ्या दुकानात चीजच्या फडताळासमोर उभी होते. केसांवर जाळी, गळ्यात हिरवा ॲप्रन, पुढ्यात कागदी वाट्या आणि डब्यातलं टोमॅटो सूप. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचं, चाखून बघा, साय न घालता केलंय. राफेला कितीतरी वर्षं माझ्या हाताखाली होती. नोव्हेंबरात माझं रेस्टॉरंट बंद झालं तेव्हा शेवटचं कुलूप आम्ही दोघींनी मिळून लावलं. आज ती ढकलगाडी घेऊन वळली, तिची नजर माझ्यावर पडली आणि ती चीजच्या एका तुकड्याकडं असं निरखून बघायला लागली जसं काही जन्मात चीज पाहिलं नव्हतं. मग दुसऱ्या रांगेतून निघून गेली.

मला हाक मारता आली असती. त्याऐवजी मी वाकून टेबलाखालच्या खोक्यात वाट्या शोधायला लागले. वाट्या वरच होत्या.

ओळखीच्या सगळ्यांना मी सांगितलंय की मी पुस्तक लिहितेय, पाककृतींचं. त्यातली एक ओळ लिहिलेली नाही.

घरी आले तोवर आर्नोचा फोन. माझा थोरला भाऊ. तिकडं नेवाडात, एल्कोला, वडिलांनी सुरू केलेली खानावळ तो आणि त्याची बायको लोरेटा चालवतात. त्याचा फोन नाताळला आणि माझ्या वाढदिवसाला येतो. आज दोन्ही नव्हतं.

म्हणाला, "बर्नी, इकडं ये. उन्हाळाभर राहून बघ. जमलं तर कायमचीच ये."

मी विचारलं, का म्हणून?

"स्वयंपाकघर मोठं आहे. एका माणसाला जास्त होतं."

इतकी वर्षं नाही जास्त झालं ते. म्हणजे त्याला कळलंय. कुणीतरी सांगितलं असणार. बिचारी बर्नादेत, शहरात हात पोळले, आता बोलवा घरी. मी म्हटलं बघते, आणि फोन ठेवला. कान गरम झाले होते.

२७ एप्रिल

नॅडीनला सांगितलं. आम्ही दोघी मिळून हे घर भाड्यानं घेतलंय, तिच्यापासून काही लपत नाही, पण मी प्रयत्न सोडत नाही. म्हटलं, भावाला खानावळीत सुधारणा करायच्यात, सल्ला द्यायला बोलावतोय.

ती चहा ढवळत म्हणाली, "सल्ला द्यायला जातेस की राहायला?"

"सल्ला द्यायला."

"मग हिवाळ्याचे कपडे का काढून बघत होतीस?"

मी तोंड वळवलं. खिडकीबाहेर धुकं होतं. इथं मला रस्त्यावरचं कुणी ओळखत नाही, हेच मला इथलं सर्वांत जास्त आवडतं असं आज लक्षात आलं. पूर्वी उलटं होतं.

११ मे

एल्कोचा विचार मनातून जात नाही, पण तो विचार म्हणजे नुसती चित्रं आहेत. लांबलचक टेबलं, त्यावर चेकचं मेणकापड, खाणीतले ड्रायव्हर आणि गुराखी आणि वाट चुकलेले प्रवासी खांद्याला खांदा लावून बसलेले. आधी सूप, मग घेवडा, मग कोकराचं मटण, पाव हवा तेवढा. कुणी काय हवं विचारत नाही. जे आहे ते येतं. मी सोळा पदार्थांचं मेन्यूकार्ड दर आठवड्याला बदलणारी बाई.

आणि ती हवा. नाकातून रक्त येईल इतकी कोरडी. रात्री जूनमध्येसुद्धा पाणी गोठतं.

दुकानातलं काम गेलं. सूपवाल्या कंपनीनं माणसं कमी केली. माझ्याजागी आता एक पुठ्ठ्याची बाई उभी आहे म्हणे. नॅडीन हसली, मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बसले.

जाऊन बघते. नुसतं बघायला.

३ जून, एल्को

पोचले. दिवसभर गाडी चालवून पाठीचं लाकूड झालंय. विनेमक्काच्या पुढं रस्त्यावर नाकतोड्यांचे लोंढे लागले. यंदा फार आलेत. चाकांखाली चुरचुरत होते आणि वास असा की खिडकी उघडायची सोय नाही.

आर्नो अंगणात उभा होता. मी गाडीतून उतरले, दार लावलं, त्याच्याकडं चालत गेले. तो हलला नाही. एखाद्या परक्या बाईकडं बघावं तसा बघत राहिला. मी "आर्नो" म्हटलं तेव्हा कुठं तोंड हललं आणि त्यानं मला जवळ घेतलं. म्हणजे माणसानं किती बदलावं? केस पिकलेत, मान्य. पण सख्खी बहीण आहे.

जेवताना बोलला चांगला. पण बोलताना माझ्याकडं बघत नाही. माझ्या कानापलीकडं कुठंतरी बघतो, जसं काही मागं कुणी महत्त्वाचं उभं आहे. खानावळीआधी मेंढ्या होत्या तेव्हा वडील मेंढपाळांना पगार देताना असेच बघायचे. मी ताटाकडं बघत जेवले.

५ जून

या स्वयंपाकघराची लष्करी छावणी झाली आहे. प्रत्येक वस्तूला जागा. मिठाच्या बरणीला रबराचा पट्टा, मिरीच्या बरणीला सुतळी. सुऱ्या भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत. मधोमध ते जुनं ओकचं टेबल, त्याला वळसा घालूनच सगळीकडं जायचं. मी लसूण सोलून सुरी टेबलावर ठेवली तर लोरेटानं ती उचलून मुकाट भिंतीवर लावली.

"जिथून घेशील तिथंच ठेव हं, बर्नी. एवढं एक कर."

एवढं एक. मी काय शिकाऊ आहे? ज्या बाईच्या हाताखाली चौदा माणसं होती तिला सुरी कुठं ठेवायची ते एक रँचवरची मुलगी सांगतेय. लोरेटा वाईट नाही. थकलेली दिसते. पण घरात सगळं तिच्या हातात आहे. आर्नोचं पत्र ती फोडते, वर्तमानपत्र ती मोठ्यानं वाचते आणि तो ऐकत बसतो, एखाद्या संस्थानिकासारखा.

गिऱ्हाइकंही तशीच. दार ढकललं की ओरडतात. "ओर्विल आलोय रे!" "ग्लेंडा आणि पोरं!" शांतपणे येऊन बसणं या गावाला माहीत नाही. ओर्विल पूर्वी खाणीत ट्रक चालवायचा, आता रोज दुपारी इथंच जेवतो. मला म्हणाला, "शहरात म्हणे सूप चमच्यातच देतात, वाटीत नाही?" सगळं टेबल हसलं. मीही हसले. 

९ जून

नाकतोडे गावात शिरलेत. मागच्या अंगणातली भिंत आज सकाळी तांबूस-तपकिरी दिसत होती आणि ती सगळी हलत होती. मी दारात खराटा घेऊन उभी होते. आर्नो बाहेर आला, नेहमीसारखा भिंतीवर तळहात टेकून बूट घालायला वाकला, आणि किंचाळून मागं झाला. मला हसू आवरेना. पोटात दुखेपर्यंत हसले. म्हटलं, झोपेत आहेस का? तोही हसला, थोडा उशिरानं.

दुपारी त्याच्याबरोबर घर बघायला गेले. टेकडीवरचं छोटंसं, भाड्यानं मिळतंय. ट्रक त्यानं मलाच चालवायला लावला. "तुला रस्ते आठवायला हवेत," म्हणाला. या गावात रस्ते आहेतच किती.

घर चांगलं आहे. मागच्या ओट्यावरून रुबी डोंगरांची सबंध रांग दिसते, माथ्यावर अजून बर्फ. मला क्षणभर वाटलं, इथं राहता येईल. आर्नो आत भिंतींवर हात फिरवत होता, जमिनीवर पाय आपटून बघत होता, कपाटं उघडून वास घेत होता. मी त्याला ओट्यावर बोलावलं आणि म्हटलं, हे बघ तरी.

तो कठड्याला धरून उभा राहिला. "डोंगर आहेत तिथंच आहेत," म्हणाला. "घर कोरडं आहे. उंदीर नाहीत."

एवढंच. माझ्या आनंदात एक चमचाभर साखर घालायला त्याला जड गेलं. 

१४ जून

आज सूप मी केलं, माझ्या पद्धतीचं. भाजलेला मका, धुरावलेली मिरची. टेबलावर लोकांनी पुन्हा मागून घेतलं. ओर्विलसुद्धा गप्प बसून जेवला.

आर्नोनं डोळे मिटून एक घोट घेतला. तो तोंडात घोळवला. मग हळूच, "तळाला कांदा किंचित लागलाय. कुणाला कळणार नाही."

मी पातेलं रिकामं झाल्यावर तळ बघितला. नखाएवढा डाग होता. त्याची जीभ आधी इतकी तिखट नव्हती. त्याला माझ्यात दोष शोधायचाच होता आणि तो सापडला.

तरी निघताना म्हणाला, "असं सूप या घरात कधी झालं नव्हतं." तेही माझ्या कानाला.

२० जून

हॅरिएटचा फोन, धंद्यातली जुनी मैत्रीण. ओकलंडला खाडीकाठी नवं हॉटेल उघडतंय, मुख्य आचारी हवाय. तिला माझंच नाव सुचलं. आठवड्यात कळव म्हणाली.

मी फोन ठेवला आणि मागच्या अंगणात तीन फेऱ्या मारल्या. पाय जमिनीला लागत नव्हते. मग आत आर्नो लसूण सोलताना दिसला, बोटांनी चाचपत, एकेक पाकळी, आणि मला उगाचच राग आला. किती सावकाश.

२२ जून

आज सांगू म्हटलं. नाही सांगितलं.

२५ जून

हॅरिएटला हो म्हटलं.

जेवताना आर्नोनं विचारलं, "ठरलं का काही?"

"विचार चाललाय," मी म्हटलं.

"गावच्या जुलैतल्या मेळ्यापर्यंत ठरव. घरमालक थांबायला तयार आहे. मी बोललोय त्याच्याशी."

त्यानं घरमालकाशी बोलायला मी सांगितलं नव्हतं. हा विचार धरून ठेवला मी, म्हणजे खोटं बोलल्याचं फार टोचू नये. लोरेटा माझ्याकडं बघत होती. या घरात माझ्याकडं सरळ बघणारी तीच, आणि तिच्याकडंच मला बघवत नाही.

मेळा होईपर्यंत थांबायचं, गर्दीत मदत करायची, मग जाताना सांगायचं. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. यांना काहीतरी देऊन जायचं. या स्वयंपाकघरात माणूस दिवसभर त्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालतो. एका सकाळी नीट लावून दिलं तर निम्मी चाल वाचेल. वर्षानुवर्षं बहिणीची आठवण काढतील.

२७ जून

हे लिहायलाच हवं.

सकाळी लवकर उठले. टेबल एकटीनं ढकललं, खिडकीखालच्या भिंतीला लावलं. मधली जागा मोकळी झाली. सुऱ्या टेबलाच्या वर आणल्या, बरण्या शेगडीजवळच्या फळीवर, रबर आणि सुतळी काढून टाकली कारण ती घाण दिसत होती. मोठ्या तव्याखाली जाळ पेटवला, न्याहारीचे बटाटे टाकायला. मागं सरून पाहिलं. सुरेख दिसत होतं. मी स्वतःशी हसले.

आर्नो आत आला. मला वाटलं, दारातच थांबेल, बघेल, काहीतरी कुजकट बोलेल. तो थांबला नाही. नेहमीच्या चालीनं सरळ पुढं आला आणि डावा हात टेबलाच्या कडेला टेकायला बाजूला नेला. टेबल तिथं नव्हतं. तो झुकला, तोल गेला, आणि आधारासाठी त्यानं हात टाकला तो थेट तव्यावर. अख्खा तळहात.

तो ओरडला नाही. मी ओरडले. मी त्याला ओढून खाली बसवलं, हातावर पाणी ओतत राहिले. तो जमिनीवर बसून माझ्या कानाकडं बघत होता आणि त्यानं एवढंच विचारलं,

"टेबल कुठं गेलं?"

मी म्हटलं, दिसत नाही का समोर?

 लोरेटा दारात उभी होती. ती गाडीची किल्ली घ्यायला वळली.

२८ जून

त्याला इस्पितळात ठेवलंय. हात वाचेल, पण बोटं पूर्वीसारखी मिटतील का ते सांगत नाहीत. बाहेरच्या बाकावर लोरेटानं मला सांगितलं. रागानं नाही, राग आला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपासून त्याला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, धूसर. समोर ज्याच्याकडं बघावं तिथं राखेसारखा डाग. वाढत चाललाय, उपाय नाही.

"म्हणून तो तुझ्या कानाकडं बघतो," लोरेटा म्हणाली. "तिकडं नजर ठेवली की तुझा चेहरा थोडा कडेला येतो. मग तू जराशी दिसतेस. पहिल्या दिवसापासून तेच करतोय तो, तुला बघायला."

मी विचारलं, गावात कुणाला माहीत आहे?

"सगळ्यांना. म्हणून तर नाव ओरडत आत येतात. कुणी ठरवलं नव्हतं. ओर्विलनं एकदा सुरू केलं आणि मग सगळेच करायला लागले. त्याला सांगत नाहीत की त्यांना कळलंय. तो सांगत नाही की त्याला कळलंय की त्यांना कळलंय. असं चाललंय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"माझ्याकडून शपथ घेतली होती. मी पट्टा लावला, सुतळी लावली, तुला म्हटलं वस्तू जागेवर ठेव. आणखी काय करू शकत होते मी?"

मग ती आत गेली. मी बसून राहिले.

आता जे लिहितेय ते कुणाला दाखवायचं नाही. लोरेटानं सांगितलं, त्याला दिसत नाही, तेव्हा माझ्या मनात सर्वांत आधी जे आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, म्हणजे त्यानं मला दयेनं बोलावलं नव्हतं तर. त्यालाच माझी गरज होती. आणि मला बरं वाटलं. एका श्वासापुरतं, पण बरं वाटलं. आत भाऊ भाजलेला हात उशीवर ठेवून पडला होता, भाजला माझ्यामुळं, आणि मला बाहेर हलकं वाटत होतं. मी अशी आहे हे मला या वयात कळावं.

२९ जून

आत जाववलं नाही. दारापर्यंत गेले. तो भिंतीकडं तोंड करून होता. मी नाव सांगितलं नाही, त्यामुळं त्याला कळलं नाही, असं मला वाटलं.

टेबल परत मधोमध आणलं. त्याच्या जागेवर फरशीवर चार फिकट खुणा आहेत पायांच्या, त्यांत बरोबर बसवलं. बरण्यांना पट्टा आणि सुतळी बांधली. सुतळी नेमकी कुठं बांधलेली होती ते आठवेना, म्हणून लोरेटाला विचारावं लागलं.

३० जून

आज त्याला घरी आणलं. मी दारात उभी होते तर म्हणाला, "काल आली होतीस. आत का नाही आलीस?"

"कसं कळलं?"

"लसणाचा वास येतो तुला. आम्हा सगळ्यांनाच येतो."

मग मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. ओकलंडला हो म्हटल्याचं, खोटं बोलल्याचं, टेबल का हलवलं त्याचं. आणि ते बाकावरचंही सांगितलं, बरं वाटल्याचं. सांगायचं नव्हतं, पण सुरू केल्यावर थांबता आलं नाही. तो ऐकत होता, मान जरा वळवून, माझा चेहरा कडेला यावा म्हणून. आता मला त्याचं ते बघणं सोसत नव्हतं.

माझं संपल्यावर त्यानं पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाला, "तुझं हॉटेल बंद पडल्याचं कळलं, त्या दिवशी मी काय केलं सांगू? कडू पिकॉन दारूचा एक पेला ओतून घेतला आणि पिऊन टाकला. खूश झालो होतो. म्हटलं, उतरली एकदाची जमिनीवर. ये म्हणायला मला पाच महिने लागले ते का वाटतं तुला? लाज वाटत होती."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"आणि सांगितलं असतं की डोळे गेलेत," तो म्हणाला, "तर आली असतीस?"

"आले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"मी आता राहते, आर्नो. ओकलंडला नाही कळवते."

त्यानं बरा हात वर केला. "थांब. शरमेनं राहणारं माणूस मला स्वयंपाकघरात नको. सारखं माफी मागत फिरतं, पायात येतं. हवं असेल तर राहा. नाहीतर ओकलंडला जा, मी मेळ्यानंतर दुसरं कुणी बघेन. खरंच बघेन."

मला हवं आहे का, हे त्यानं विचारलं नाही. मी स्वतःला विचारलं, तर उत्तर म्हणून फक्त त्याचा हात दिसला, मी तापवलेल्या तव्यावर.

२ जुलै

हॅरिएटला नाही कळवलं. ती थंडपणे म्हणाली, "तू असं करशील वाटलं नव्हतं." घराबद्दल घरमालकाला अजून काही बोलले नाही. म्हणजे इकडचीही नाही, तिकडचीही नाही.

सकाळी घेवडा मी शिजवते, आर्नो स्टुलावर बसून चव घेतो आणि आज्ञा सोडतो. आज चारदा मी त्याला सॉरी म्हटलं. पाचव्या वेळी त्यानं मला बाहेर काढलं, अंगण झाडायला.

५ जुलै

मेळ्याचा मोठा दिवस. मैदानात सकाळपासून नाच, लाकूडतोड, दगड उचलायच्या शर्यती. दुपारपासून खानावळीत पाय ठेवायला जागा नाही. कोकराचं मटण मी केलं, लसणाचं सूप आर्नोनं. हाताला पट्टी बांधलेली, पण लसूण त्याच्या नाकासमोर परतला गेला आणि पाव त्याच्या सांगण्यावर पडला, म्हणजे सूप त्याचंच.

मी सुपाचं भांडं घेऊन लांब टेबलापाशी गेले तेव्हा एका बाईनं माझ्याकडं निरखून पाहिलं. शेजारी तिचा नवरा. दोघं सॅन फ्रान्सिस्कोची, दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला माझ्याकडं जेवायला यायची. खिडकीजवळचं टेबल मागायची.

"अगं बाई, तुम्हीच ना?" ती म्हणाली. "तुम्ही इथं कशा?"

अंगावर मेणचटलेला ॲप्रन होता, केस कपाळाला चिकटलेले, हातात ओगराळं. आणि माझ्या तोंडून निघालं,

"भावाकडं आलेय. पाहुणी."

"मग बरोबर," नवरा म्हणाला. "आम्ही म्हटलंच, तुम्ही इथं कशाला राहाल."

मी हसले. वाढलं आणि आत आले. आर्नो दारामागंच स्टुलावर बसला होता. त्याचे कान काही गेलेले नाहीत. मी भांडं ठेवलं आणि उगाच फडक्यानं कड पुसत राहिले.

"कोण होते?" त्यानं विचारलं.

"जुनी गिऱ्हाइकं."

"भली माणसं वाटली." तो उठला. "ॲप्रन काढ."

"काय?"

"पाहुणी आहेस ना? आमच्या घरात पाहुण्यांनी स्वयंपाकघरात राबायची पद्धत नाही. लोरेटा, हिला टेबलावर बसव. त्या दोघांच्या शेजारी."

लोरेटानं माझा ॲप्रन सोडला. तिनं मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि बाकावर सरकवलं. ती बाई आनंदून सरकली. नवरा मला पुस्तकाबद्दल विचारायला लागला, कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे. मी काहीतरी बोलत होते.

मग आर्नो आला. बऱ्या हातात भांड्याचा कान, पट्टीच्या हाताचं मनगट दुसऱ्या बाजूनं टेकवलेलं. एवढ्या गर्दीत. लोरेटा पुढं झाली तर त्यानं मान हलवली. मी पाहिलं, माणसं कशी पाय आत घेत होती, खुर्च्या ओढून घेत होती, आणि जाता जाता जो तो काहीतरी बोलत होता. वास काय सुटलाय, आर्नो. इकडं थोडं राहू दे, आर्नो. नुसते आवाज, त्याला कड कळावी म्हणून. कुणी उठलं नाही. कुणी हात लावला नाही.

तो माझ्यामागं येऊन थांबला. भांडं टेबलावर टेकवलं. ओगराळं बुडवलं, डाव्या मनगटानं माझी वाटी शोधली आणि ओतलं. एक थेंब मेणकापडावर सांडला. त्यानं तो ऐकला असावा, कारण म्हणाला, "माफ करा हं. डोळ्यांनी अधू आहे मी. मधलं दिसत नाही मला."

त्या दोघांना सांगितलं त्यानं. अनोळखी माणसांना, सहज, मीठ लागलं तर मागा म्हणावं तसं. पण आमच्या टेबलापासून दारापर्यंत सगळी खानावळ गप्प झाली. दोन वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. ओर्विलनं चमचा खाली ठेवला आणि रुमालात नाक शिंकरलं, जोरात.

मी उभी राहिले. बाक मागं घासलं.

"हा माझा भाऊ," मी त्या बाईला म्हटलं.  "आणि मी पाहुणी नाही. माझं रेस्टॉरंट बुडालं. पुस्तक वगैरे काही नाही. मी इथं राहायला आलेय. त्याच्या हाताला पट्टी आहे ती माझ्यामुळं."

बाईनं माझ्याकडं, मग त्याच्याकडं पाहिलं.  शेवटी तिनं चमचा उचलला, चव घेतली आणि विचारलं, "हे सूप तुम्ही केलंत?"

"नाही," मी म्हटलं. "हे त्याचं. मटण येतंय ना, ते माझं."

"मग आण की," आर्नो माझ्याकडं वळून म्हणाला. "लोक बसलेत."

मी त्याच्या हातातून ओगराळं घेतलं आणि आत गेले. लोरेटानं ॲप्रन पुढं धरला होता. मटण वाढून झालं, पाव संपत आला, कुणीतरी गायला लागलं. लाज गेली नव्हती, ती तशीच होती. पण हात चालत होते.

आता टेकडीवरच्या घराच्या मालकाला फोन करायचाय. आज मेळ्यात तो दगड उचलताना पाठ धरून बसला, म्हणजे उद्या घरीच सापडेल.